फोटोत दिसतं ते सर्व

४ मार्च, मंगळवार

आरसा आला. लॉट २१४. आल्या आल्या डोक्याला ताप.

टेबलावर ठेवायचा आहे. जाड बैठक, तिच्यावर दोन खांब, खांबांच्या मधे गोल काच. काच पुढेमागे कलते. खांबांच्या टोकांना दोन मणी, त्यांच्या आत स्क्रू. बस. वेलबुट्टी नाही, नक्षी नाही. कॅटलॉगवाल्या बाईंनी कार्डावर लिहिलंय — "स्कँडिनेव्हियन, मॉडर्न, प्यूटर, अंदाजे नव्वद वर्षं जुना." प्यूटर म्हणजे शेवटी बरंचसं कथीलच, पण लिलावात कथील म्हटलं की लोक नाक मुरडतात. रंग मळकट चांदीसारखा. घासायचा नाही, अशी ताकीद आहे. मला आवडला. हे ऑफिसात बोलणार नाही.

आवडला तरी फोटो मलाच काढायचाय, आणि आरशाचा फोटो काढणं म्हणजे काय असतं ते इथे कुणालाच माहीत नाही. समोर उभं राहायचं आणि दिसायचं नाही!

सव्वीस वर्षं झाली मला या लिलावघरात. किटल्या, चमचे, सुरया, पितळी दिवे, घंटा — चकाकणाऱ्या हजारो वस्तू काढल्या. एकीतही मी नाही. भिंग घेऊन बसलात तरी माझं नख सापडणार नाही. म्हणून तर सगळे मला भूतराव म्हणतात. हजेरीच्या वहीतही एकदा तसंच लिहिलं होतं. मी दुरुस्त केलं नाही. आमच्या धंद्यात यापेक्षा मोठी पदवी नाही.

५ मार्च, बुधवार

साहेबांच्या खोलीत तासभर बैठक. विषय — आरशात काय दाखवायचं.

मी म्हणालो, काहीच नको. समोर राखाडी पुठ्ठा धरतो. कॅटलॉगवाल्या बाई म्हणाल्या, "लोकांना वाटेल काच फुटली म्हणून पत्रा बसवलाय." साहेब म्हणाले, खिडकी दाखवा. बाई म्हणाल्या, खिडकीला गज आहेत, आरसा तुरुंगातून आणल्यासारखा वाटेल. मग मीच म्हणालो, फुलदाणी?

"फुलदाणी मागतील," साहेब म्हणाले.

सफरचंद कुणीच विसरलेलं नाही. अकरा वर्षांपूर्वी एक लाकडी वाडगा विकला होता. फोटोत त्यात मी हौसेनं एक सफरचंद ठेवलं होतं. घेणाऱ्यानं सफरचंद मागितलं. आम्ही हसलो. मग त्याच्या वकिलाचं पत्र आलं. साहेबांनी मुकाट्यानं सफरचंद पाठवलं, तर तो म्हणाला हे ते नव्हे, त्याच्यावर डावीकडे ठिपका होता. त्यानंतर साहेबांनी दोन दिवस दार लावून बसून नियम लिहिला. कॅटलॉगच्या दुसऱ्या पानावर चौकटीत छापतात — "फोटोत दिसतं ते सर्व मिळेल. फोटोत दिसत नाही ते मिळणार नाही. वस्तू फोटोप्रमाणे नसल्यास लिलावापासून सहा आठवड्यांच्या आत परत घेऊ." या तीन वाक्यांवर साहेबांचा पोटच्या पोरांसारखा जीव आहे.

शेवटी ठरलं ते असं: आरशात काहीतरी दिसावं, पण काय ते कळू नये. कसं, ते भूतराव बघतील.

६ मार्च, गुरुवार

एकसष्ट फोटो. कंबर गेली.

बैठक जरा तिरकी ठेवली, म्हणजे कॅमेरा आरशात येत नाही. काच जरा वर कलती, म्हणजे त्यात छताखालची भिंत. मी कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूला, हातात लांब वायरचं बटण. सगळं बिनचूक. पण डाव्या मण्यातला स्क्रू ढिला आहे. आरसा मान टाकतो. फोकस करेपर्यंत ताठ, बटण दाबेपर्यंत मान खाली. स्क्रू आवळावा तर धातू मऊ, आटे जातील. शेवटी प्रत्येक फोटोआधी बोटानं मान वर करायची, तीन पावलं पळत मागे यायचं, स्क्रूवरची नजर न काढता बटण दाबायचं. एकसष्ट वेळा. मी छपन्न वर्षांचा आहे.

घरी ताईनं विचारलं, एवढा घाम कसला? आरशाचा फोटो काढला म्हटलं. "स्वतःचा?" म्हणाली. सव्वीस वर्षांत माझं काम काय आहे हे सख्ख्या बहिणीला कळलेलं नाही.

१८ मार्च, मंगळवार

कॅटलॉग छापून आला. पान ४१.

मी आहे.

डावा कान, अर्धा चष्मा, गालाचा तुकडा आणि तपकिरी स्वेटरचा ओघळलेला खांदा. स्पष्ट. कान तर इतका स्पष्ट की वैद्यकीय पुस्तकात छापावा.

कॅटलॉगवाल्या बाईंकडे गेलो. एकसष्टांतला हा एकच का निवडला? "कारण यातच आरसा आरशासारखा वाटतो. कुणीतरी माणूस आहे ना त्यात. मला वाटलं तुम्ही मुद्दाम कुणाला उभं केलंत." तो मी आहे, म्हणालो. त्यांनी फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत फोटोकडे. "तुमचा कान असा आहे होय?" अकरा वर्षं शेजारच्या टेबलावर बसतात.

साहेब खूश. "काहीतरी दिसतंय, पण काय ते कळत नाही. अगदी बरोबर."

सव्वीस वर्षांवर पाणी. जेवलो नाही. ताईनं पान ४१ कात्रीनं कापून घेतलं, म्हणाली बरा आलायस. स्वेटर तिनंच विणलेला आहे. एकोणीस वर्षं झाली.

२९ मार्च, शनिवार

लिलाव झाला. २१४ मागच्या रांगेतल्या एका बाईंनी घेतला. दुसऱ्या कुणी हात वर करायच्या आत त्यांनी तीनदा केला होता, असं साहेब सांगत होते. म्हणजे स्वतःच्याच बोलीवर स्वतःच बोली. साहेबांनी दोन वेळा समजावलं.

खोक्यात भरताना नेहमीप्रमाणे परतीचा फॉर्म टाकला. त्यात रकाने आहेत — परत करत असलेल्या वस्तू, ठेवून घेत असलेल्या वस्तू, दोन्हींपुढे कारण. सहा सुऱ्यांतल्या पाच परत करणारे लोक असतात, त्यांच्यासाठी. आरशाला त्याचा काय उपयोग, पण नियम म्हणजे नियम.

संपलं एकदाचं. पान ४१ लोक विसरतील.

२ एप्रिल, बुधवार

त्या बाईंचं पत्र. शिवणाच्या टाक्यासारखं बारीक अक्षर. जसंच्या तसं उतरवतो:

"आरसा मिळाला. उत्तम आहे. माणूस मिळालेला नाही. कृपया पाठवावा."

साहेबांनी ते चार वेळा वाचलं. मला वाटलं हसतील. त्यांनी कॅटलॉगचं दुसरं पान काढलं आणि ते वाचलं. मग कपाळाला हात लावून बसले. "भूतराव, वाक्य आपलंच आहे."

मी म्हणालो, मी वस्तू नाही. साहेब म्हणाले, नियमात वस्तू हा शब्द फक्त तिसऱ्या वाक्यात आहे. पहिल्यात "सर्व" आहे. सर्व म्हणजे सर्व.

मग मी एक मुद्दा काढला, आणि मला त्याचा अभिमान आहे. फोटो एक साठांश सेकंदाचा आहे. म्हणजे त्यांना एक साठांश सेकंद माणूस द्यायचा. दारातून डोकावतो, येतो. साहेबांना मुद्दा पटला. पत्र गेलं.

आणखी एक. साहेबांकडे महिनाभर एक सेल्समन खेटे घालतोय. फोटोचा डबा विकतो. पांढरा डबा, वस्तू आत ठेवायची, बटण दाबायचं, फोटो तयार, माणूस नको. साहेब मला म्हणाले, "हा व्यवहार मोडला तर मी डबा घेणार. डबा आरशात दिसला तरी डबा कुणी मागणार नाही." आणि डबा आला की माझं काय, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

४ एप्रिल, शुक्रवार

उत्तर आलं. "एक साठांश सेकंद मान्य. पण मी ते सावकाश घेईन. शनिवारी चार ते सहा."

साहेबांनी सहा शनिवार कबूल करून टाकले — दहा मेपर्यंत. तोपर्यंतच परतीची मुदत आहे. त्यानंतर व्यवहार पक्का, कुणी काही मागू शकत नाही. "दहा मेपर्यंत कळ काढा. आणि स्वेटर घालून जा."

ताई हसून हसून खुर्चीवरून पडायची बाकी राहिली. "बाळ्या, तुझ्यासाठी स्थळं बघून बघून माझे पाय झिजले. आणि तू लिलावात खपलास!" पोचपावती घेऊन ये म्हणाली.

५ एप्रिल, शनिवार

तिसरा मजला. दारावर अजून शिवणाची पाटी आहे, तिच्यावर "बंद" असं खडूनं लिहिलेलं. बाई टेलर आहेत. होत्या. गेल्या वर्षी दुकान आवरलं. पुढची खोली म्हणजेच दुकान — झाकलेलं मशीन, बरणीत टाचण्या, कोपऱ्यात बिनडोक्याचा पुतळा, अंगात एक बाही नसलेला कोट. भिंतीवर माणसाएवढा फिकट चौकोन. तिथे मोठा आरसा होता, गिऱ्हाइकांना मापं दाखवायचा. तो सामानाबरोबर गेला.

माझ्याच वयाच्या असतील, एखाददोन वर्षं जास्तच. गळ्यात टेप. दुकान बंद होऊन वर्ष झालं तरी टेप गळ्यात.

"या," म्हणाल्या, "उभे राहा." पान ४१ भिंतीला टाचलेलं. त्यांनी माझ्या कानाचं माप घेतलं, फोटोतल्या कानाचं घेतलं, वहीत लिहिलं. आरशासमोर खुर्चीत बसल्या. "कान दोन बोटं वर... चष्मा फिरवा... जास्त झाला. खांदा तसाच ठेवा, तो मुळातच पडलेला आहे."

मला राहवलं नाही. मी म्हणालो, तुमची खुर्ची चुकली आहे. तुम्ही जिथे बसलात तिथे कॅमेरा नव्हता. लेन्स टेबलापासून एकशे चाळीस सेंटिमीटरवर, उंची इतकी, बैठक इतकी तिरकी. त्यांनी निमूटपणे खुर्ची सरकवली आणि टेपनं तपासली. मग माझ्या बुटांभोवती मार्किंगच्या खडूनं रेघ मारली. जमायला पाऊण तास लागला. शेवटी त्या "हां" म्हणाल्या, आणि तसल्या समाधानानं "हां" म्हणणारं माणूस मी ऑफिसात सव्वीस वर्षांत बघितलेलं नाही.

मग सहापर्यंत गप्प. चहा सहानंतर, दारात उभ्या उभ्या. मधे दिला तर कान हलतो.

पोचपावती मागितली. दिली. "माणूस मिळाला. खांद्यात दोष. तक्रार नाही."

१२ एप्रिल, शनिवार

आज विचारलं. का? म्हणजे, कशासाठी?

त्या आरशातूनच बोलल्या. मान वळवली नाही. "चाळीस वर्षं मी आरशात दुसऱ्यालाच बघत आले. गिऱ्हाईक पुढे, मी मागे, तोंडात टाचण्या. नवरी मुलगी, मुलाखतीला चाललेला माणूस, ढेरी आत ओढून धरणारे. आरशात मी स्वतः कधी आलेच नाही, आले तर खांद्याच्या मागे एक अंबाडा. दुकान गेलं, आणि आता आरशात बघावं तर मीच. रोज मीच. कंटाळा येतो हो. मग तुमचं पुस्तक पाहिलं. ह्या आरशात आधीच कुणीतरी होतं."

जी बाई चाळीस वर्षं आरशात दिसली नाही, तिच्यासमोर मी आरशात दिसलो म्हणून रडणारा माणूस. कान हलू दिला नाही.

एक शोध लागला. आरशाचा नियम आहे, ज्याला मी दिसतो तो मलाही दिसतोच. म्हणजे त्यांना माझा कान आणि अर्धा चष्मा, आणि मला त्यांचा एक डोळा, भुवई आणि टेपचं टोक. मी फोटोत आहे तसा स्क्रूकडे बघायला पाहिजे. थोडा वेळ बघितलं.

१४ एप्रिल, सोमवार

साहेब रोज विचारतात, "माल शाबूत ना?"

१९ एप्रिल, शनिवार

आरशानं सात वेळा मान टाकली. मान टाकली की त्यांना माझं पोट दिसतं. मी खडूच्या रेघेतून बाहेर पडायचं, बोटानं मान वर करायची, परत रेघेत.

मी म्हणालो, चामड्याची बारीक चकती कापून स्क्रूखाली घालतो, कायमचं काम होईल. त्या नको म्हणाल्या. "फोटोप्रमाणे राहणार नाही." मग म्हणाल्या, "आणि तुम्ही मान वर करायला येता तेव्हा दोन मिनिटं बोलता तरी."

आठव्यांदा पडली ती मी टेबलाला धक्का दिला म्हणून. चुकून. चुकून असं लिहून ठेवतो.

२६ एप्रिल, शनिवार

उकाडा. स्वेटर. दोन तास. त्यांनी पंखा माझ्याकडे वळवला, पण फोटोत केस उडत नाहीत म्हणून परत फिरवला. मग वहीच्या पुठ्ठ्यानं खालून, पायांना वारा घातला. पाय फोटोत नाहीत.

३ मे, शनिवार

आज त्यांना खांदा सहन होईना.

पाच शनिवार बघताहेत. टेलर माणूस. डोळ्यासमोर शिवण सुटलेली आणि हात लावायचा नाही! आज मधेच उठल्या, मागे आल्या, चिमटीत खांदा धरला, वर उचलला, आणि तशाच उभ्या राहिल्या. "दीड बोट. फक्त दीड बोट आत घेतलं की माणूस होईल तुमचा." मी म्हणालो, घ्या. "नाही घेता येत. घेतलं की फोटोप्रमाणे राहणार नाही." त्यांनी चिमटी सोडली. खांदा पडला. जाऊन बसल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "कुणी विणलाय?" बहिणीनं. "हात चांगला आहे. पण माप घेतलेलं नाही."

मी खरं सांगून टाकलं. म्हणजे फोटोचं. त्यांना वाटत असेल हा माणूस आरशातून किती काळजीनं बघतोय. मी स्क्रूकडे बघत होतो. आरसा मान टाकेल म्हणून. माणूस कुणी मनातही नव्हतं.

"मला माहीत आहे," म्हणाल्या. "माणूस कुठे बघतोय ते मला कळतं, चाळीस वर्षं तेच केलंय. पण एका स्क्रूकडे इतक्या काळजीनं बघणारा माणूस कोण, म्हटलं, बघावं तरी."

निघताना, "अहो, छत्री राहिली."

अहो सगळ्यांनाच म्हणतात. पोस्टमनलाही म्हणतात. मी हे का लिहून ठेवतोय?

६ मे, मंगळवार

ताईला सांगायची चूक केली. म्हणजे मापाचं. "माझ्या विणकामाला नावं ठेवते?" अर्धा तास भांडी आपटली. मग म्हणाली, माप घ्यायला बोलावलं तेव्हा तूच आला नाहीस. दाराआड उभा राहिलास आणि तिथूनच "होईल अंदाजानं" म्हणालास. तुझं सगळं आयुष्यच अंदाजानं, कुणी तुला धड बघूच नये अशी तुझी इच्छा, मग खांदे पडणार नाहीत तर काय.

बरोबर आहे तिचं. तिला सांगितलं नाही.

मग साधेपणानं विचारलं, "दहा तारखेला संपतंय ना? मग पुढच्या शनिवारी काय करणार?" मी म्हणालो, लेन्स पुसणार.

दहा तारीख येऊ नये असं मला वाटतंय. लिहून टाकलं. व्यवहार पक्का झाला की नोकरी राहील, डबा येणार नाही, आणि शनिवारी माझी कुणालाच गरज नसेल. छपन्नाव्या वर्षी माणसाला कळतं की त्याला दिसायला आवडतं. लाज वाटते, पण आवडतं. खोटं कशाला लिहू, ही वही कोण वाचणार आहे.

९ मे, शुक्रवार

साहेबांनी पाठ थोपटली. "उद्याचा दिवस. कान जपा." केस कापून घेणार होतो, पण फोटोत कानावर केस आहेत.

१० मे, शनिवार

नीट लिहायचंय. क्रमानं.

चारला पोचलो. रेघेत उभा राहिलो. पहिल्या झटक्यात जमलं, आता माप लागत नाही. कान, चष्मा, खांदा. त्या "हां" म्हणाल्या, पण नेहमीचा नव्हे. पाऊण तास तशाच बसून राहिल्या. मी स्क्रूकडे बघत होतो, मधूनमधून भुवईकडे. आरशानं एकदाही मान टाकली नाही. ज्या दिवशी टाकायला हवी त्या दिवशी नाही.

पाच वाजता त्या उठल्या. पान ४१ च्या टाचण्या काढल्या, पान घडी घालून वहीत ठेवलं. मशीनवरचं कापड काढलं. माझ्याकडे वळल्या — वळल्या, आरशातून नव्हे — आणि म्हणाल्या, "काढा तो स्वेटर."

काढला. सदऱ्यावर उभा राहिलो, खडूच्या रेघेत. त्यांनी माप घेतलं. पाठ, खांदा, दंड. आकडे तोंडानं म्हणत होत्या, लिहीत नव्हत्या. मग खांद्याची शिवण उसवली आणि दीड बोट आत घेतली. मशीन वर्षभरानं चालू झालं, आधी कुरकुरलं, मग लागलं. मी पुतळ्याशेजारी उभा. आम्ही दोघंही बघत होतो.

"घाला."

घातला. आरशासमोर नेऊन उभं केलं, अगदी समोर, मधोमध. मागून खांद्यावर दोन चापट्या मारून शिवण बसवली. आख्खा दिसलो. दोन कान, पूर्ण चष्मा, खांदा सरळ. मागे त्या, अंबाडा आणि टेप. कुणीच कुणाला हलवलं नाही.

मी म्हणालो, हे आता फोटोप्रमाणे नाही.

"नाही," म्हणाल्या.

मग जिन्याच्या दारात, चहाचा रिकामा कप माझ्या हातातून घेताना, माझ्याकडे न बघता — "आता शनिवारी यायला काही कारण नाही."

मी बरं म्हणालो. छत्री आठवणीनं घेतली. जिना उतरताना खांद्याला हात लावून बघितला. बसलाय घट्ट.

११ मे, रविवार

ताईनं स्वेटर उलटा करून खिडकीपाशी नेला. बराच वेळ टाके बघितले. "हात चांगला आहे," म्हणाली. काय झालं ते विचारलं नाही, दोनदा चहा केला.

१२ मे, सोमवार

मुदत संपली. साहेबांनी पेढ्यांऐवजी बिस्किटं वाटली. डब्याच्या सेल्समनला नको म्हणून सांगितलं. "भूतराव, जिंकलो."

एका सुरईचा फोटो काढला. नेहमीप्रमाणे मी कुठेच नाही. जरा वेळ शोधलं.

१३ मे, मंगळवार

काही नाही. चमचे.

१४ मे, बुधवार

लॉट २१४ परत आला. साहेब डब्याच्या सेल्समनशी फोनवर आहेत, त्यांचा आवाज इथवर येतोय. खोकं मीच उघडलं. आत आरसा, मान टाकलेला, आणि आमचा फॉर्म. बारीक अक्षर, तारीख १० मे, म्हणजे मुदतीत.

परत करत असलेल्या वस्तू: "आरसा, एक." कारण: "फोटोप्रमाणे नाही. खांदा नीट आहे."

ठेवून घेत असलेल्या वस्तू: "माणूस, एक." कारण: "काही नाही."